आंबागडच्या फुलाचे सत्त्याहत्तर गुण

भंडारा जिल्ह्यात जाते आहे म्हटल्यावर पुण्यात मला तिघांनी विचारलं, "तिथे कोण आहे?" कोणी नातेवाईक नाही, असं सांगितल्यावर पुढचा प्रश्न आला, "मग काय आहे?" एक फूल आहे, म्हटलं. त्यावर तिघांनीही तोच चेहरा केला, जो गेलं वर्षभर लोक माझ्यासमोर करतात. माझ्या नवऱ्याला, श्रीधरला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. माझं काही बिनसलेलं नाही हे समजावून सांगण्यापेक्षा तिकीट काढणं सोपं होतं.

श्रीधर बँकेत होता. तरुणपणी तीन वर्षं तो नाकाडोंगरीच्या शाखेत होता आणि तिथेच त्याला ऑर्किडचं वेड लागलं. तिथल्या मोहाच्या झाडांवर व्हँडा जातीचं एक ऑर्किड आपोआप वाढतं. वैद्यांच्या पुस्तकात त्याला रास्ना म्हणतात. पुढे पुण्यात त्याने गच्चीवर जाळीघर उभारलं, संकर केले, बक्षिसं मिळवली आणि शेवटची वीस वर्षं तो प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जात होता. मी ग्रंथपाल. त्याची झाडं गच्चीवर, माझी पुस्तकं खाली, आणि मधल्या जिन्यात आमचा संसार, असं तो म्हणायचा.

बारा वर्षांपूर्वी त्याने नाकाडोंगरीच्या एका मोहावरच्या रानटी व्हँडावर, आमच्या गच्चीतल्या निळ्या व्हँडाचे पराग नेऊन लावले. शेंग धरली. बी प्रयोगशाळेतल्या बाटलीत रुजवलं. जी मोजकी रोपं हाती आली त्यातली बहुतेक पुण्याच्या थंडीत गेली. तीन रोपं त्याने आंबागडच्या सुखदेवभाऊंकडे दिली. त्यातलं एक जगलं. ते अजून फुललं नव्हतं.

मार्चमध्ये सुखदेवभाऊंचा फोन आला. "वहिनी, दांडा निंगला. सा कळ्या हायेत. येता का?"

नव्या संकराला नाव देऊन ते नोंदवता येतं. तो हक्क संकर करणाऱ्याचा, आणि तो नसेल तर त्याच्या वारसाचा. म्हणजे आता माझा होता. त्यासाठी गुणांची अट नसते. पण श्रीधरने आपल्या वहीत या संकरापुढे लिहून ठेवलं होतं: "फुलल्यावर परीक्षा करावी. आईहून सरस असेल तरच नाव." मी ते वाक्य वाचलं होतं आणि तरी नाव ठरवून टाकलं होतं. त्याचंच नाव. जगात कुठल्याशा नोंदवहीत एका फुलासमोर ते राहील, एवढंच मला हवं होतं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

आंबागड, शुक्रवार

आंबागड हे टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. किल्ला मी खालूनच पाहिला. सुखदेवभाऊंचं घर तलावाच्या बाजूला आहे. मासेमारी करणारं घर. जाळी भिंतीवर, जाळी कुंपणावर, आणि अंगणात बांबूच्या आडव्या काठीला जाळ्याच्याच तुकड्यांची विणलेली टोपली टांगलेली. तिच्यात माती नाही, काही नाही. व्हँडाला ती लागत नाही. पांढुरकी, जाडजूड मुळं टोपलीच्या छिद्रांतून हातभर खाली लोंबत होती. पुण्याच्या जाळीघरात इतकी निरोगी मुळं मी कधी पाहिली नव्हती.

"याले काय खत घालता?" मी विचारलं. 'याले' माझ्या तोंडून सहज गेलं. श्रीधर घरी गमतीने तसं बोलायचा.

सुखदेवभाऊ हसले. "मासोळी धुतल्याचं पाणी, वहिनी. साहेब म्हणत, पुण्यात हजार रुपयाची बाटली घेतो, त्यात हेच असते."

त्यांची बायको गिरजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "या मानसानं माह्या हातची भाकर कधी नीट पायली नाई, वहिनी. झाडाची मुळी मात्र रोज मोजते. पोरगी नांदाले गेली तवा रडला नाई, आन् याचं एक पान पिवळं पडलं तं दोन दिस जेवला नाई."

"एक दिस," सुखदेवभाऊ म्हणाले.

"दोन. भात मीच वाढत होती ना जी."

मग त्यांनी टोपली काठीवरून उतरवली आणि माझ्यासमोर धरली. पाच फुलं उमलली होती, सहावी कळी मिटलेली. रुपयाच्या नाण्याच्या दुपटीहून थोडी मोठी फुलं. फिकट निळा रंग आणि त्यावर राखाडी रेषांची बारीक जाळी. ओठ, म्हणजे खालची पुढे आलेली पाकळी, गर्द जांभळा. मी बराच वेळ पाहत राहिले. सुंदर होतं, आणि मला ते सुंदर दिसणारच होतं, म्हणून माझ्या पाहण्याला काही अर्थ नव्हता.

पण एक गोष्ट मलाही दिसली. दोन फुलं माझ्याकडे पाहत होती, दोन पाठ करून होती आणि एक स्वयंपाकघराकडे. श्रीधरच्या गच्चीवर दांडा दिसला की त्या कुंडीला हात लावायची कोणालाही परवानगी नसे. मी तिथे केरसुणी नेली तरी ओरडायचा. कळी वाढताना उजेडाचा अंदाज घेऊन वळते. मध्येच कुंडी फिरवली तर ती पुन्हा वळते, आणि दांड्यावरची फुलं पाठवणीच्या गर्दीसारखी चहूकडे तोंडं करून उभी राहतात.

"हे रोज उतरवता का?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"रोज. संध्याकाळी घरात, सकाळी बाहेर. किल्ल्यावरून वानरं येतात ना जी. एकदा त्याईनं पूरा शेंडाच खाल्ला. या टायमाले मी एक दिस चुकलो नाई."

चेहऱ्यावर असा अभिमान होता की मी टोपली परत काठीला अडकवायला त्यांना मदत केली.

जेवणात गिरजाबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम पोळ्या केल्या होत्या. त्या दोघांच्या ताटात मात्र भाताचे डोंगर, मासळीचं लालभडक कालवण आणि जवसाची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला भात शेवटी वाढतात, आणि तो कमीच घेतला तर बरं दिसतं. इथे जेवण म्हणजे भातच, पोळी ही परक्या माणसाची सोय. मी पोळी बाजूला ठेवून भात मागितला तेव्हा गिरजाबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "साहेबाचीच बायको हाय, बरं का."

जेवताना सुखदेवभाऊंनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. श्रीधरला पहिलं मोठं बक्षीस मिळालं त्या फुलाचा फोटो तो दर मार्चमध्ये इथे येताना घेऊन यायचा. झाडाखाली बसायचा आणि विचारायचा, सुखदेव, यंदा किती देशील?

"पहिल्या वर्सी मी शंभर देल्ले. साहेब म्हणाले, मले अठ्ठ्याऐंशी भेटले होते, पण आता मी ऐंशी देईन. मंग पुढच्या टायमाले अठ्ठ्याहत्तर. मंग पंचाहत्तर. मी म्हटलं, साहेब, फोटो तं तोच हाय, गुण काहून कमी होऊन राहिले? तं म्हणाले, फूल तेच हाय, मीच शिकलो."

त्याच फोटोची मोठी प्रत आमच्या बैठकीत तीस वर्षं टांगलेली होती. मी रोज पुसत होते.

नाकाडोंगरी, शनिवार

रविवारी तुमसरला शेतीप्रदर्शन होतं आणि त्यात फुलांचा एक विभाग. तिथल्या परीक्षक बाईंचा निरोप होता की संकराचं फूल आणायचं असेल तर सोबत आईचं फूलही आणा. म्हणून शनिवारी आम्ही आईकडे गेलो.

मी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मोटारसायकलवर बसले. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात सुखदेवभाऊंच्या शर्टाची चिमूट. खाणीकडून येणारे ट्रक गेले की काळपट धूळ उठायची आणि आम्ही दोघं मिटल्या तोंडाने तिच्यातून पलीकडे निघायचो. एकदा माझी चप्पल पडली. अर्धा किलोमीटर पुढे गेल्यावर मी ते सांगितलं. सुखदेवभाऊंनी गाडी वळवली आणि म्हणाले, "वहिनी, बोलत जा जी. मासोळीसारख्या चूप काहून बसता?"

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. झाडाखालची जमीन पालापाचोळा जाळून साफ केलेली, आणि तिच्यावर पिवळसर, रसाळ फुलांचा सडा. एक बाई टोपलीत ती वेचत होती. गोडसर, आंबूस वास हवेत भरलेला. माझ्या चपलांना फुलं चिकटून त्यांचे तळ जाड झाले.

"येचाले आल्या का पाहाले?" बाईने मान वर न करता विचारलं.

"पाहायला," मी म्हटलं.

"मंग वर पाहा. खालचे माहे हायेत." मग तिने सुखदेवभाऊंना ओळखलं आणि हसली. "हे चष्म्यावाल्या साहेबाच्या घरचे का? ते दरवर्सी येत. तास तास वर पाहत. मी म्हणो, साहेब, मान मोडन. तं म्हणत, मोडली तं खालचे येचू लागतो तुले."

ते झाड फांदीच्या बेचक्यात होतं, फार उंच नाही. दोन दांडे फुललेले. हिरवट पिवळ्या पाकळ्या, त्यांवर तपकिरी जाळी, कडा मुरडलेल्या, ओठ निळसर जांभळा. लेकीच्या मानाने लहान आणि साधं. मनात म्हटलं, जिंकलो. सुखदेवभाऊ वर चढले, एक दांडा ब्लेडने कापला आणि पाण्याच्या बाटलीत घालून माझ्या हातात दिला. मी तो नाकाजवळ नेला. काहीच नाही.

गाडीचं चाक पंक्चर होतं. ते दुरुस्त करून आणायला सुखदेवभाऊ गेले आणि मी बाटली मांडीवर घेऊन त्या बाईच्या शेजारी बसून राहिले. थोडी फुलं मीही वेचली. तिने टोपली पुढे केली, एवढंच. उन्हं वर आली. अकराच्या सुमारास मला मोहाच्या वासातून वेगळा, दुसराच एक वास आला. हलका, गोड, जरासा लवंगेकडे जाणारा. मी इकडेतिकडे पाहिलं. तो माझ्या मांडीवरून येत होता.

"आता तिचा टाइम झाला," ती बाई म्हणाली. "ऊन लागल्याबिगर बोलत नाई ते."

तुमसर, रविवार

तुमसरला सगळीकडे भातगिरण्या. रस्त्यालासुद्धा कोंड्याचा वास येतो. प्रदर्शन एका गिरणीच्या रिकाम्या गोदामात होतं. दारातच तांदळाच्या जाती ताटल्यांतून मांडलेल्या. पुण्यात आम्ही ज्याला सरसकट 'कोलम' म्हणून मोकळे होतो त्याच्या इथे डझनभर ताटल्या, आणि प्रत्येकीसमोर हुज्जत घालणारी दोन माणसं. आत शेवटच्या मांडवात फुलं. गुलाब, डेलिया, आणि ऑर्किडचं एकच लांब टेबल.

परीक्षक पटले मॅडम होत्या. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक, उंच, किरकोळ, गळ्यात भिंग. श्रीधरने इथे फुलांची परीक्षा सुरू करायला त्यांना मदत केली होती. त्यांनी माझा हात हातात घेतला, सांत्वनाचं काही बोलल्या नाहीत आणि एक प्लॅस्टिकचं पाकीट उघडून गुणपत्रकांचा गठ्ठा दाखवला. सर्वांत खाली श्रीधरच्या अक्षरातलं पहिलं पत्रक होतं. त्यात फक्त तीन रकाने: आकार, रंग, फुलांची संख्या.

"पहिल्या वर्षी सगळ्यात मोठं फूल पहिलं आलं," त्या म्हणाल्या. "म्हणून दुसऱ्या वर्षी सगळ्यांनी खतं ओतली. फुलं ताटलीएवढी झाली, आणि दुपारपर्यंत मान टाकून बसली. मग पाकळीच्या जाडीचा रकाना आला. तिसऱ्या वर्षी एकाने नागपूरच्या बाजारातून आदल्या दिवशी झाड विकत आणलं आणि बक्षीस घेऊन गेला. मग वर्षभर स्वतः वाढवलेलं पाहिजे, हा नियम आला. नंतर असं झालं, की कोणी दोन सुंदर झाडांचा संकर करून त्यांच्यापेक्षा सामान्य फूल आणायचं, आणि तरी ते इतरांहून बरं दिसायचं. मग आई-बाप शेजारी ठेवायला लागलो. पत्रकातला एकेक रकाना म्हणजे कोणाची तरी एकेक चूक आहे. थोड्या माझ्या, थोड्या तुमच्या श्रीधररावांच्या."

मला ते ऐकून फार बरं वाटलं. मी आयुष्यभर ग्रंथालयाच्या नियमांची पाटी सांभाळली. तिच्यावरचा प्रत्येक नियम कोणत्या वाचकामुळे आला ते मला अजून आठवतं.

साडेआठला परीक्षा सुरू झाली. लोक बाजूला केले गेले. पटले मॅडमनी बापाचा, म्हणजे आमच्या गच्चीतल्या निळ्या व्हँडाचा, फोटो पाहिला, आईच्या दांड्याला भिंग लावलं आणि मग आमच्या टोपलीसमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की सुखदेवभाऊंनी माझ्या कानाशी विचारलं, "वहिनी, चांगलं हाय म्हून का खराब हाय म्हून?"

"माहीत नाही."

"साहेब असेच उभे राहत."

अकराला निकाल लागला. सत्त्याहत्तर गुण पडले. ऐंशीला प्रशस्तिपत्र होतं. पटले मॅडमनी पत्रक आम्हाला दाखवलं. आकाराला, रंगाला भरपूर होते. मांडणीला दहापैकी चार.

"भाऊ," त्यांनी हळूच विचारलं, "टोपली जागची हलवत होतात का?"

"वानरं येतात ना जी. रोज घरात नेतो."

त्यांनी समजावून सांगितलं. उजेड, कळीचं वळणं, सगळं. झाड एकाच जागी राहिलं असतं तर मांडणीला आठ मिळाले असते, म्हणजे एक्क्याऐंशी. सुखदेवभाऊ ऐकत होते आणि त्यांचा हात टोपलीच्या एका सुटलेल्या धाग्याशी खेळत होता.

"मंजे मीच गुण खाल्ले," ते म्हणाले. "वानरानं नाई."

पटले मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा आणा."

मी सुखदेवभाऊंना चहाला बाहेर नेलं. चहाच्या टपरीच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा ते मोठ्याने बोलले. म्हटलं, नाव द्यायला ऐंशी लागत नाहीत. मला हक्क आहे. चार गुण गेले ते झाडाच्या वंशाचे नाहीत, टोपलीचे आहेत. मी श्रीधरचं नाव देणार आहे, आणि अर्जात हे झाड कोणी वाढवलं तेही लिहिणार आहे. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उजळेल.

त्यांनी बशीतला चहा फुंकून संपवला. "वहिनी, आत चला. तुमाले काई दाखवतो."

आम्ही परत आलो तेव्हा बारा वाजत आले होते. पत्र्याचं छप्पर तापलं होतं. लोकांना आत सोडलं होतं आणि टेबलाभोवती रांग होती. सुखदेवभाऊंनी मला एका खांबाआड उभं केलं. "आता फुलाकडे नोका पाहू. नाकाकडे पाहा."

मी पाहत राहिले. माणसं आमच्या निळ्या फुलासमोर थांबत, वाहवा म्हणत आणि खाली वाकत. वाकून पुन्हा सरळ होत. मग बाजूच्या बाटलीकडे जात, त्या साध्या, मातकट दांड्याकडे, आणि तिथे वाकत. तिथून लवकर उठत नसत. एका म्हाताऱ्याने बायकोला हाताने ओढून आणलं आणि तिचं डोकं बाटलीकडे वाकवलं. एक मुलगी दोनदा परत आली. निळ्या फुलापाशी दोनदा कोणी आलं नाही.

"कालपासून माह्या ध्यानात येऊन राहिलं होतं," सुखदेवभाऊ म्हणाले. "घरी बी याचा वास आला नाई. मले वाटे, माह्याच नाकात मासोळी भरली. लेकीनं रंग घेतला, आंग घेतलं, वास मायकडेच राहू देल्ला."

"पण गुण..."

"गुण पुढच्या वर्सी भेटतीन. टोपली नाई हलवणार मी. एक्क्याऐंशी होतीन. पण साहेबानं एक्क्याऐंशी कधी सांगतले? मायपेक्षा चांगलं सांगतलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तुमी आज नाव द्यान तं ते तुमच्या मनानं द्यान, वहिनी. साहेबानं तं सोताच्या फुलाचे गुण कापले. त्याईच्या नावाच्या फुलाले आपण फुकट तीन गुण कायले द्यायचे?"

मला राग आला. क्षणभरच, पण आला. हा माणूस दहा वर्षं त्या झाडासाठी मासे धुतल्याचं पाणी वाहून नेत होता, सगळ्या गावाला नाव होणार म्हणून सांगून बसला होता, आणि माझ्यापेक्षा जास्त त्याचं नुकसान होत होतं. त्याला ते चालत असेल तर मला न चालायला मी कोण, असं मनात आलं आणि राग ओसरला. त्याच्या जागी जे आलं त्याला मी समाधानच म्हणेन. श्रीधर घरी मला फुलांबद्दल सांगायचा तेव्हा मी पुस्तकातून डोकं वर न काढता हं म्हणायची. ज्याने ऐकलं होतं तो माझ्याशेजारी उभा होता.

सुखदेवभाऊ मग सरळ पटले मॅडमकडे गेले. "मॅडम, एक विचारू? वासाचे गुण सकाळी साडेआठले कायले देता? त्या टायमाले तं हे फूल झोपून राहते."

पटले मॅडमनी पत्रक पाहिलं. वासाला पाचपैकी आईला एक, लेकीला एक. त्या टेबलाशी गेल्या, बाटलीवर वाकल्या आणि थोड्या वेळाने वर आल्या. "इतकी वर्षं मी सकाळी वास घेते आहे," त्या म्हणाल्या. "उन्हाच्या आत परीक्षा संपवायची म्हणून." त्यांनी पेन्सिल काढली, दोन्ही पत्रकांवर वासाचे गुण खोडले, आईला पाच दिले आणि आमच्या फुलाला शून्य. मग समासात लिहिलं: "वास: दुपारी बारा वाजता." आमचे सत्त्याहत्तरचे शहात्तर झाले. हा गुण सुखदेवभाऊंनी स्वतः मागून कापून घेतला, आणि परतताना वाटभर ते खुशीत होते. टोपलीपुढच्या कार्डावर आधीच सत्त्याहत्तर लिहून झालं होतं, ते तसंच राहिलं.

आंबागड, सोमवार

सकाळी गिरजाबाईंनी विचारलं, "मंग बक्षीस कोनाले भेटलं?"

"डेलियाले," सुखदेवभाऊ म्हणाले.

"दहा वर्स मासोळीचं पाणी पेऊन?"

"गप ना जी."

"मी कायले गप राहू? उद्यापासून ते पाणी माह्या वांग्याले."

पण चहा पिऊन होताच त्याच आत जाऊन बाटली घेऊन आल्या. आईचा दांडा अजून ताजा होता. लेकीत रंग आणि बांधा आला आहे, वास आईकडे आहे. तर आईचे पराग लेकीला लावून पाहायचे, हे तिघांनाही न बोलता कळलं होतं. श्रीधरने यापेक्षा वेगळं काही केलं असतं का, मला माहीत नाही. त्याच्या वहीत याबद्दल काही नाही.

मला वाटलं सुखदेवभाऊ लावतील. त्यांनी काडेपेटीतली एक काडी काढली, गुल खरवडून टाकला आणि टोक माझ्याकडे केलं. "माहे हात मोठे हायेत. साहेबाच्या टायमाले बी साहेबच लावत."

मी हे आयुष्यात केलं नव्हतं. फुलाच्या मधोमध एक टोपीसारखं झाकण असतं. काडीने ते उचललं की परागाच्या दोन पिवळ्या गोळ्या काडीला चिकटून येतात, मोहरीहून लहान. पहिल्या फुलाच्या माझ्या हातून पडल्या आणि गिरजाबाईंच्या कोंबडीने उचलल्या. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या घरातून कोणीतरी विचारलं, काय झालं. दुसऱ्या खेपेला आल्या. त्या मी निळ्या फुलाच्या मधल्या चिकट खळग्यात टेकवल्या, आणि त्या तिथेच राहिल्या.

एक अडचण मला कोणी सांगितली नव्हती. पराग लागलेलं फूल टिकत नाही. एरवी तीन आठवडे राहिलं असतं ते फूल दुपारपर्यंत मलूल झालं आणि संध्याकाळी त्याच्या पाकळ्या मिटून ओल्या कागदासारख्या झाल्या. जी फुलं पाहायला मी पुण्याहून आले होते त्यातलं एक मीच संपवलं होतं. सुखदेवभाऊ म्हणाले, "धरलं." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मलाही तो झाला.

झाडाला बांधायच्या पट्टीवर नोंद लिहायची असते: आधी आई, मग बाप, तारीख, आणि संकर कोणी केला ते. आईच्या जागी मी 'आंबागडचं निळं' असं लिहिलं. त्याला दुसरं नाव नव्हतं. बापाच्या जागी या खेपेला मोहावरचं रानटी फूल आलं, आणि शेवटच्या जागी माझं आणि सुखदेवभाऊंचं नाव लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "आता याच्या लेकरानं कोनापेक्षा चांगलं व्हायचं? मोहावरच्यापेक्षा का यापेक्षा?"

"दोघींपेक्षा," मी म्हटलं.

"बापरे," गिरजाबाई म्हणाल्या.

पुण्याला येऊन आता अडीच महिने झाले. गेल्या आठवड्यात फोन आला, शेंग करंगळीएवढी झाली आहे आणि हिरवीगार आहे. ती पिकायला वर्ष जाईल. मग बाटली, मग रोपं, मग सहा-सात वर्षांनी कदाचित एखादा दांडा. मी तेव्हा शहात्तरच्या पुढे असेन. दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला मी दोन वर्षं नाही म्हणत होते. आता कोणासाठी, असं वाटायचं. या सोमवारी जाऊन तारीख घेतली.

डॉक्टरांनी विचारलं, "एकदम कसं ठरवलंत? कुठे प्रवासाला जायचंय का?"

"तुमसरला. एका परीक्षेला दुपारी बारा वाजता उभं राहायचंय."

"कधी आहे?"

"आठ वर्षांनी," मी सांगितलं, आणि त्यांनी कागदावर ते खरोखरच लिहून घेतलं.